फॉर्मालिनच्या बाटलीत गेले आठ दिवस

एप्रिल २०२१मध्ये अण्णांना कोरोना झाला. ऑक्सिजन, स्टेरॉइड, चारशेच्या पुढे गेलेली शुगर, सगळ्यातून ते सिडकोतल्या घरी परतले. जूनमध्ये वरच्या डाव्या दाढा हलायला लागल्या, हिरडीतून पू येऊ लागला. तेव्हा नाशकात दात हलला म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, काळी बुरशी. सीटी स्कॅनमध्ये जबड्याचं हाड कुजलेलं दिसलं. बायोप्सी झाली, म्हणजे तपासणीसाठी तिथला तुकडा काढला.

तुकड्याची बाटली घेऊन मी स्कूटरवर गंगापूर रोडच्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने ती उजेडात धरली, झाकण उघडलं आणि वासानेच परत लावलं. "मॅडम, हे फॉर्मालिनमध्ये आहे. याचं कल्चर होणार नाही." कल्चर म्हणजे तुकड्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं. फॉर्मालिनमध्ये तुकडा टिकतो, पण जंतू मरतात. हॉस्पिटल म्हणे लॅबने आधी सांगायला हवं होतं, लॅब म्हणे हॉस्पिटलला कळायला हवं. चार खेपा, आठ दिवस! आणि अण्णांना पुन्हा तोंड उघडून बसावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वेळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच विचारलं: दोन बाटल्या आहेत ना? एक फॉर्मालिनची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला; एक निर्जंतुक सलाइनची, कल्चरला. सलाइनची तासाभरात लॅबला पोचवली.

तरी पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, 'वाढ नाही'. डॉक्टरांनी स्वतः फोन करून कल्चरची प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची बशी, दोन आठवडे ठेवायला सांगितली. संशय ॲक्टिनोमायसिसचा होता. हा जंतू एरवीही आपल्या तोंडात असतो, हाड कमजोर झालं की आत शिरतो, ऑक्सिजनशिवाय आणि फार हळू वाढतो. फॉर्मवर संशयित जंतूचं नाव लिहून घ्या, नाहीतर प्लेट लवकर टाकून देतात. बाराव्या दिवशी लॅबचा फोन आला: वाढ आहे, तोच जंतू. स्लाइडवर बुरशी नव्हती. मी जिन्यातच बसून रडले. बुरशीवरचं इंजेक्शन किडनीवर जड जातं आणि या जंतूवर त्याचा उपयोगच नाही.

मेलेलं हाड काढलं, चार आठवडे शिरेतून पेनिसिलिन दिलं, मग सहा महिने अमॉक्सिसिलिन. दुखणं थांबलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं.

हो, एक राहिलंच. बायोप्सीआधी कुठली अँटिबायोटिक्स दिली होती, तेही फॉर्मवर लिहायला लावा. त्यांनी वाढ दबते. आमच्या पहिल्या फॉर्मवर तो रकाना कोराच होता.