कसब्यात, कागदाच्या मागे मागे

गाइडशिवाय शहर बघणाऱ्यांसाठी मी रस्ते आखतो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, काय बघायचं, सगळं एका घडीच्या कागदावर. छापण्याआधी चाचणी होते. अनोळखी माणसांच्या हातात कागद द्यायचा, आपण वीसेक पावलं मागे राहायचं आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे शेवटचं कलम फार जड जातं.

कसबा पेठेच्या चाचणीला नागपूरचं एक जोडपं होतं आणि बाईंचे वडील. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. लाल महालापाशी त्यांनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. "हे जुनं नाही."

बरोबरच होतं. आत्ताची वास्तू महापालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाहिस्तेखानाची बोटं गेली तो वाडा कधीच नाहीसा झाला. कागदावर तसं स्वच्छ लिहिलं होतं. ते वाचल्यावर काकांनी जावयाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

कसब्याची खरी अडचण हीच. पुणं इथून वाढलं, पण दाखवायला हाती फार थोडं लागतं. नाव सापडतं ते राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत. गाव मात्र पुन्हा पुन्हा उजाड झालं. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास ते जाळलं, गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकली. पुढे जिजाऊंनी बालशिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, असं सांगतात. त्या नांगराची नेमकी जागा कुठली, असं विचारणारा दर खेपेला एक तरी भेटतोच. काकांनी मुलीला विचारलं, मुलीने कागदाला. मी पाठ फिरवून एका पाटीवरच्या सूचना वाचत राहिलो.

कसबा गणपतीचं दर्शन झालं. ग्रामदैवत, विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. काका म्हणाले, "वाचायचं किती आणि बघायचं किती?"

पुढचा थांबा तांबट आळी. तिथे मी एकच ओळ ठेवली होती : आवाज येईल तिकडे जा. या ओळीवरून आमच्या कार्यालयात भांडण झालेलं. एवढ्या जुन्या आळीला एक ओळ? पण ठोक्यांच्या आवाजात उभा असलेला माणूस परिच्छेद वाचत नाही, हे माझं मत कायम होतं.

काकांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि सरळ एका कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आत कारागीर घंगाळ्यावर मठार देत होता. एका घावाला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा.

"पत्रा किती गेजचा?"

"काका, जरा बाजूला. उजेड अडतोय."

काका मुकाट्याने बाजूला झाले. मग हातोडी न थांबवता तो बोलायला लागला. तांबं तापवलं की मऊ पडतं, हवं तसं वळतं, पण तसंच ठेवलं तर जरा धक्का लागला की पोचा. ठोकून ठोकून त्याला ताठपणा आणायचा. लोकांना वाटतं ही नक्षी आहे. काकांनी दोन भांडी हातात घेतली, एक मठारलेलं, एक साधं, आणि दोन्ही अंगठ्याने दाबून पाहिली. जावईही खाली वाकला. त्या सकाळी तो पहिल्यांदाच मोबाइल विसरला होता.

बाईंनी विचारलं, "तुम्ही मूळचे इथलेच ना?"

"छे, आम्ही कोकणातले. पेशव्यांनी आणलं आम्हाला."

पेशवाई जाऊन दोनशे वर्षं झाली, तरी हा गृहस्थ कोकणातलाच! आणि आणणारे पेशवे तरी कुठले? तेही कोकणातलेच. मला हसू फुटलं. बाईंनी वळून पाहिलं, पण मी नियम पाळला.

या थांब्याला आम्ही आठ मिनिटं धरली होती. ते पाऊण तास हलले नाहीत. कुंभारवाडा आणि नदीकाठ राहूनच गेला, कारण काकांना भूक लागली. जाताना एक तांब्या मात्र घेतला, घासाघीस करून.

कार्यालयात ठरलं, की वेळ वाढवायची आणि कुंभारवाडा वेगळ्या रस्त्यात घालायचा. तांबट आळीत मजकूर वाढवा, अशी सूचना पुन्हा आली. वाढवला. आता तिथे दोन ओळी आहेत. दुसरी अशी : दारात उभे राहताना उजेड अडवू नका.