आमची वाटचाल : कोटेशनच्या आधीचे प्रश्न

कारखान्यांना लागणारे पंप विकणे आणि त्यांची देखभाल करणे हा आमचा व्यवसाय. दोघांनी सुरू केलेल्या या कामात आज अकरा जण आहेत आणि त्यांपैकी चौघे विक्री पाहतात. वाटचाल लिहायची म्हटली की वाढीचे टप्पे सांगण्याची पद्धत आहे. परंतु आम्हांला सर्वाधिक शिकवले ते वाढ थांबलेल्या दोन वर्षांनी, म्हणून त्यांविषयीच अधिक लिहितो.

सुरुवातीच्या काळात विक्री मी स्वतःच करीत असे. पंपांचे माझे ज्ञान बेताचे होते, त्यामुळे ग्राहकाकडे गेल्यावर विचारण्यावाचून गत्यंतर नसे. पाणी कुठून येते, किती उंचीवर चढवायचे, पंप दिवसातून किती तास चालतो, बंद पडला तर पुढचे कोणते काम अडते, हे सारे वहीत टिपून मी परत येई आणि भागीदाराशी बोलून मगच दर कळवी. पुढे ज्ञान वाढले, माहितीपत्रके आली, सादरीकरणे तयार झाली, चौकशा नोंदवणारे सॉफ्टवेअरही आले. वही मात्र कपाटात गेली. महिन्याला किती कोटेशने पाठवली यावर आम्ही विक्री प्रतिनिधीचे मूल्यमापन करू लागलो आणि कोटेशने वाढत असताना ऑर्डरी का वाढत नाहीत, याचे कोडे आम्हांला उलगडेना.

‘आपले दर जास्त आहेत’ हे उत्तर सर्वांच्या सोयीचे होते. मीही ते मान्य करून सवलतीला परवानगी दिली. वास्तविक हिशेब अवघड नव्हता. शंभराच्या विक्रीत खर्च ७५ असेल तर हातात २५ राहतात. दहा टक्के सवलत दिली की १५ उरतात, आणि पूर्वीइतकाच नफा मिळवायचा तर विकलेल्या मालाची संख्या सुमारे ६७ टक्क्यांनी वाढवावी लागते. हा हिशेब मी कागदावर मांडला तो सवलती सुरू करून वर्ष उलटल्यावर, याची आजही खंत वाटते.

त्याच सुमारास आमचे सर्वांत अनुभवी सहकारी विक्रीप्रमुखपदाची अपेक्षा बाळगून होते आणि ती अपेक्षा रास्तही होती. त्यांच्यासोबत एका भेटीला मी गेलो, ते एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवून. पंप पुरेसे पाणी देत नाही, म्हणून त्या कारखान्याला मोठा पंप हवा होता. बोलता बोलता तेथील देखभाल अभियंता म्हणाला, की पंपातून खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो. आमच्या सहकाऱ्यांनी मान हलवली आणि नव्या मॉडेलच्या कार्यक्षमतेचा आलेख पुढे केला.

तो आवाज कॅव्हिटेशनचा असण्याची दाट शक्यता होती. सक्शनच्या, म्हणजे पंप पाणी ओढून घेतो त्या बाजूला दाब फार कमी झाला की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच ते इम्पेलरवर, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या चाकावर फुटतात. मग आवाज येतो, धातू झिजतो आणि प्रवाहही घटतो. अशा वेळी त्याच सक्शन पाइपवर मोठा पंप बसवला तर दुखणे बहुधा वाढतेच. हे सहकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. परतताना मी त्या आवाजाची आठवण करून दिली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या भेटीत गाळणी अर्धी तुंबलेली आणि सक्शन पाइप अरुंद असल्याचे आढळले. पंप विकला गेला नाही. पाइप बदलण्याचे लहानसे बिल झाले आणि त्या महिन्याचे लक्ष्य हुकले.

यानंतर आम्ही एकच नियम केला : सध्याची अडचण काय, ती केव्हापासून आहे, तिच्यामुळे कोणते नुकसान होते, निर्णय कोण घेणार आणि केव्हापर्यंत, या प्रश्नांची उत्तरे नोंदल्याशिवाय कोटेशन जाणार नाही. विक्रीविषयक संशोधक नील रॅकहॅम यांच्या चमूने बारा वर्षांत ३५,००० विक्रीभेटींचा अभ्यास करून १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष मी याच काळात वाचले. मोठ्या व्यवहारांत सौदा पटकन मिटवण्याच्या युक्त्या उलट्या पडतात आणि अडचणीचे परिणाम ग्राहकाकडूनच वदवून घेणारे प्रश्न उपयोगी ठरतात, हे वाचून कपाटातली वही आठवली. तिच्यातील ‘पुढचे कोणते काम अडते’ हा प्रश्न त्याच जातीचा होता.

पाठपुराव्याबाबतचा बदल लहान, पण चिवट ठरला. ‘सहज फोन केला’ हे वाक्य आम्ही बंद केले. प्रत्येक फोनला आधी ठरलेली तारीख आणि सांगण्याजोगे कारण हवे. चौकशी, भेट, कोटेशन आणि ऑर्डर यांपैकी गळती नेमकी कुठे होते, हे दर शनिवारी पाहू लागलो. या चार टप्प्यांमधल्या तिन्ही पायऱ्यांवरचे यशाचे प्रमाण प्रत्येकी दहा टक्क्यांनी सुधारले, तर तितक्याच चौकशांतून ३३ टक्के अधिक ऑर्डरी मिळतात. नव्या चौकशांच्या मागे धावण्यापेक्षा हे काम स्वस्त पडते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका सहकाऱ्याला हा प्रकार पुन्हा पहिलीत बसवल्यासारखा वाटला आणि तो सोडून गेला. सर्वांसमोर त्याची नोंदवही तपासण्याची माझी पद्धत चुकीची होती. त्याचा राग त्या पद्धतीवर होता, हे मला उशिरा कळले. अनुभवी सहकाऱ्यांनी मात्र वर्षभर नवख्यांबरोबर भेटींना जाऊन स्वतःच्या वहीत टिपणे काढली आणि पुढे विक्रीप्रमुखपद त्यांच्याकडेच आले. बढतीसाठी आता कोटेशनांची संख्या पाहिली जात नाही. उमेदवाराने गमावलेल्या तीन ऑर्डरींची कारणे ग्राहकाच्या शब्दांत सांगायची असतात, आणि त्यांत ‘दर जास्त’ हे कारण आले की विक्रीप्रमुख विचारतात, “कशापेक्षा जास्त, हे तुम्ही त्यांना विचारलेत का?”