पानगळीत गरवायला

दिवाळीचे पोहे वाळवायचे दिवस आणि नदीवर जायचे दिवस आमच्या घरी एकच असतात. डेकच्या एका बाजूला चिवड्याचे पातळ पोहे, दुसऱ्या बाजूला माझे वेडर, म्हणजे छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार. नवरा पोहे आत उचलून ठेवतो, काही बोलत नाही. ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा मी शनिवारी घरी नसते, हे नऊ वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

आम्ही न्यू जर्सीत क्लिंटनजवळ राहतो. इथून पंधरा-वीस मिनिटांवर रॅरिटन नदीची दक्षिण शाखा एका घळीतून वाहते. ही शाखा वर बड लेकमधून निघते, लाँग व्हॅली आणि कॅलिफॉनवरून खाली येते, आणि कॅलिफॉन ते हाय ब्रिजच्या दरम्यान दोन्हीकडचे डोंगर एकदम जवळ येतात. त्या भागाला केन लॉकवुड गॉर्ज म्हणतात. केन लॉकवुड हे मासेमारी आणि निसर्गावर लिहिणारे पत्रकार होते, त्यांच्या आठवणीसाठी दिलेलं नाव. नदीच्या कडेनं खड्ड्यांचा कच्चा रस्ता आहे, वर जुन्या रेल्वेमार्गाची आता पायवाट झालीये, आणि मधे म्हशीएवढाले दगड. त्या दगडांमुळेच ही जागा चांगली. प्रत्येक दगडामागे पाणी संथ होतं, आणि संथ पाण्यात मासा दम खात उभा राहतो.

मी मूळची महाडची. गरवणं मला नानामामानं शिकवलं. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा तुकडा, गरीला गांडूळ. सावित्रीच्या काठावर पावसाळा ओसरला की तो मला घेऊन बसायचा. आजी म्हणायची, पोरीला काय हे शिकवतोस. मामा म्हणायचा, तिला गप्प बसता येतं, ते मुलांना येत नाही. ही शाबासकी मी आजवर जपून ठेवलेली आहे.

पण एका ठिकाणी जाताना मामा काठी घरी ठेवायचा. काळ नदीवरच्या वाळणकोंडीला. तिथल्या डोहात महाशीर आहेत, हाताएवढे लांब, आणि ते देवीचे. तिथे कुणी गरी टाकत नाही, जाळं टाकत नाही. आम्ही कुरमुरे टाकायचो आणि काळ्याशार पाण्यातून पाठी वर यायच्या. खाली-वरच्या नदीत लोक मासे मारत होतेच. तेवढा डोह मात्र राखलेला. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. देवीचे म्हणजे देवीचे.

फ्लाय फिशिंग मला शिकवलं एका निवृत्त शिक्षकांनी. ते कॅलिफॉनच्या बाजूला राहतात, मी त्यांना सर म्हणते आणि त्यांना आता त्याचा अर्थ कळतो. पहिल्या दिवशी मी विचारलं, शिसं कुठे लावायचं? ते म्हणाले, शिसं नाहीच. गरवताना शिशाचं वजन तंगुसाला ओढत नेतं. इथे गळाला बांधलेली माशी, फ्लाय, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस आणि दोन वेढे दोरा. तिला वजन जवळजवळ शून्य. म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. काठीनं ती जाड दोरी मागे हवेत फेकायची, ती मागे पूर्ण उलगडून सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे आणायची. मला ते थांबणंच जमत नव्हतं. सर म्हणाले, मनात एखादा शब्द म्हण. मी "सावित्री" म्हणते. "त्री"पर्यंत पोचले की दोरी मागे सरळ झालेली असते. नऊ वर्षं झाली, अजून म्हणते.

माशी पाण्यावर पडल्यावर खरं काम सुरू होतं. प्रवाह सगळीकडे एकाच वेगानं धावत नाही. मधली धार जोरात असते आणि तुमची माशी पलीकडच्या संथ पाण्यात पडलेली असते. धारेनं दोरी ओढली की माशी पाण्यावर रेघ काढत पळते, आणि असा पळणारा किडा ट्राउट, म्हणजे इथला गार पाण्यातला मासा, खात नाही. मग दोरी उचलून वरच्या अंगाला टाकायची, ढील द्यायची, पतंगाला देतात तशी. माशी मोकळी वाहिली पाहिजे. द्रोणात दिवा ठेवून नदीत सोडतो, तो कसा कुणी न ओढता आपल्या चालीनं जातो, तशी.

यंदा कोजागरीनंतरच्या शनिवारी गेले होते. आभाळ भरलेलं, भुरभुर पाऊस, बाकी कुणी नाही. मी आधी थर्मामीटर पाण्यात सोडते: 54 अंश फॅरनहाइट. हा आकडा बघून जीव सुखावतो. उन्हाळ्यात पाणी 68 च्या वर गेलं की मी काठी काढतच नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि झुंजून दमलेला ट्राउट सोडला तरी नंतर मरतो. जुलै-ऑगस्टमध्ये कित्येकदा नुसती थर्मामीटर बुडवून परत आलेय. ऑक्टोबर म्हणजे नदीचा ताप उतरल्यासारखा असतो.

पानगळीत पहिला शत्रू पान. मेपलची लाल, ट्यूलिप पॉप्लरची पिवळी, सायकमोरची थाळीएवढी. वारा आला की पाण्यावर गालिचा. पाण्याखालून निम्फ, म्हणजे किड्याच्या अळीची नक्कल, सोडली की दर दोन फेकींमागे एक पान अडकतं, आणि दोरी थांबते ती अगदी मासा लागल्यासारखी. सुरुवातीला मी प्रत्येक पानाला दचकून झटका द्यायचे. आता फरक कळतो. पान जड होत जातं. मासा आधी जिवंत असतो, मग जड.

दोनच्या सुमारास किडे निघाले. इथले लोक त्यांना ब्लू-विंग्ड ऑलिव्ह म्हणतात. मेफ्लायची ही जात अगदी लहान, अर्ध्या बासमती दाण्याएवढी, शरीर शेवाळी, करडे पंख शिडासारखे उभे. महिनोन्महिने पाण्याखाली दगडांवर वाढायचं, मग पृष्ठभागावर येऊन पंख फुटायचे. पंख फुटल्यावर तोंड खाण्याच्या कामाचं राहत नाही. एक-दोन दिवसांत अंडी घालून सगळं संपतं. कुंद, ओल्या हवेत पंख सुकायला वेळ लागतो, त्यामुळे किडे पाण्यावर जास्त वेळ बसून वाहत राहतात, आणि ट्राउटना ते निवांत टिपता येतात. म्हणून लखलखीत उन्हातली पानगळ फोटोसाठी सुंदर, पण माझ्यासाठी हा असला दिवस सोन्याचा. शेजारीण म्हणाली, आज कुठे निघालीस पावसात? तिला कसं सांगू.

एका दगडाच्या मागे वर्तुळ उठलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा नाक दिसलं. मी 20 नंबरच्या गळावर बांधलेली माशी काढली. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. ती मी फेब्रुवारीत बर्फ पडत असताना स्वयंपाकघराच्या टेबलावर बांधली होती. शेवटचं तंगूस केसाएवढं. बोटं गारठलेली, गाठ दुसऱ्या वेळी बसली. पहिली फेक लांब गेली. दुसरीत माशी ओढली गेली. तिसऱ्या वेळी ती मोकळी वाहत आली, वर्तुळ उठलं आणि मी घाईनं काठी उचलली. सुटला. हे होतं. मासा तोंड मिटेपर्यंत थांबायला हवं. दहा मिनिटं त्याला तसाच राहू दिला, चिवडा खाल्ला, आणि पुन्हा टाकली.

रेनबो ट्राउट होता, पंधरा इंची, अंगावर गुलाबी पट्टा. हा नदीत जन्मलेला नव्हे. वॉरन काउंटीतल्या पिक्वेस्ट हॅचरीतून, म्हणजे मासे वाढवायच्या केंद्रातून, राज्य सरकार दर ऑक्टोबरमध्ये मासे आणून सोडतं, त्यातला. पूर्वी तिथे ब्रुक आणि ब्राउन ट्राउटही वाढवायचे. 2013 साली फुरुन्क्युलोसिस नावाचा जिवाणूंचा रोग शिरला. रेनबो त्या रोगाला जास्त तोंड देतात, म्हणून पुढे हॅचरीनं तेवढेच ठेवले. हॅचरीचे मासे मी दुसरीकडच्या पाण्यातून वसंतात कधीकधी घरी आणते. हळद, मीठ, आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. यात मला काहीही चुकीचं वाटत नाही. पण घळीतला मासा मी घरी आणत नाही.

तासाभरानं दुसरा लागला, जेमतेम नऊ इंच. हात ओले करून धरला. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगापासूनचा बचाव असतो. लोण्यासारखं पिवळं पोट, तपकिरी पाठ, आणि कडेला लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. पर सगळे धारदार, कुठेही झिजलेले नाहीत. हॅचरीच्या हौदात वाढलेल्याचे पर सिमेंटला घासून झिजतात. हा इथला, दगडांत जन्मलेला ब्राउन. या जातीची अंडी 1883 साली जर्मनीतून न्यूयॉर्कला बोटीनं आली. तेव्हापासून हे मासे इकडे आहेत. माझ्या गळाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नसतोच, तो मी पकडीनं दाबून मोडून टाकते. पाण्याबाहेर न काढता गळ सरकवला. तो माझ्या बोटांमध्ये क्षणभर थांबला आणि गेला.

आई फोनवर दर वर्षी एकच विचारते. "सोडायचा तर पकडायचा कशाला गं? त्या मुक्या जिवाला त्रास." ती बरोबर बोलते. त्रास होतोच, होत नाही असं मी तिला कधीच सांगितलेलं नाही. मी फक्त सांगते की काटा मोडते, पटकन सोडते, उन्हाळ्यात जात नाही. ती म्हणते, "ते झालं, पण कशाला?" आणि इथे माझं उत्तर दर वर्षी थोडं अपुरं पडतं. मला ती नदी कळते ती काठीमुळे. नुसती काठावर चालले असते तर अर्ध्या दाण्याएवढा किडा मला दिसलाच नसता. यापलीकडे मला सांगता येत नाही.

सात वर्षांपूर्वी मी एक चूक केली, ती इथे लिहायची म्हणूनच बसलेय. नदीला मिळणारा एक लहान ओढा आहे. नाव लिहीत नाही, असल्या ओढ्यांची नावं कुणी लिहू नये असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. डोहाच्या शेपटाकडे, जिथे पाणी उथळ होतं, तिथे तळात एक लांबट, स्वच्छ, फिकट पट्टा दिसला. आजूबाजूचे दगड शेवाळानं काळे, हेच खडे धुतल्यासारखे. मला वाटलं, छान, इथे पाय घसरणार नाही. मी त्यावरून चालत पलीकडे गेले.

सर काठावर होते. ते ओरडले नाहीत. मी बाहेर आल्यावर त्यांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं. तो पट्टा म्हणजे ब्राउन ट्राउटचं घरटं. मादी कुशीवर होऊन शेपटीनं खडे उडवते, खळगा करते, अंडी घालते, नर त्यावर येतो, मग वरच्या अंगाचे खडे उडवून ती अंडी झाकते. खडे धुतलेले दिसतात ते तिच्या शेपटीमुळे. हिवाळाभर अंडी त्या खड्यांच्या फटींत राहतात, फटींतून गार पाणी खेळत राहतं, आणि हिवाळा सरता सरता पिल्लं निघतात. माझ्या बुटाखाली किती गेली असतील ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मोजू नकोस, पुढच्या वेळी आधी दगड बघ.

घरी येताना गाडीत मला वाळणकोंड आठवली. इतकी वर्षं आठवली नव्हती. मामा काठी घरी ठेवायचा, आणि मी एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं.

तेव्हापासून ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उलटला की त्या ओढ्यावर मी काठी नेत नाही. घळीत जाते, पण उथळ शेपटांतून चालत नाही, लांबून वळसा घालते. नव्या लोकांना दाखवते. काही ऐकतात. एकानं मला सांगितलं की अंड्यांवर बसलेली मादी चिडून काहीही धरते, सोपी शिकार आहे. मी त्याला म्हटलं, म्हणूनच नाही. तो निघून गेला.

गेल्या आठवड्यात ओढ्यावर गेले होते. बूट, जॅकेट, खिशात चिवड्याची पुडी. तीनला थंडी हाडांत शिरायला लागली होती आणि बीचच्या झाडांवर तेवढी तांबूस पानं उरली होती. जुन्या जागेपासून चार पावलं वर नवा पट्टा होता. त्यावर दोन मासे. मादी मोठी, सोळा-सतरा इंचांची, तिच्यामागे किंचित तिरका नर, आणि आणखी मागे एक छोटा, ज्याला नर दर मिनिटाला हाकलत होता. मी पंधरा फुटांवर एका ओल्या ओंडक्यावर बसले. हात सवयीनं खिशातल्या पुडीवर गेला, वाळणकोंडीच्या सवयीनं. मग तसाच बाहेर काढला.

मादी कुशीवर झाली. पोटाची पिवळी चमक एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा झरझर, आणि खड्यांचा बारीक आवाज, पाण्याखालून, तरी ऐकू येणारा. मग ती सरळ झाली आणि खळग्यावर येऊन थांबली. अंधार पडेपर्यंत मी तिथे होते.