बावड्याचा पाऊस, वाडीचं पाणी

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस एका जागी थांबून कळत नाही. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पूर्वेला शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. मधलं अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणून जुलैच्या मध्यात आईला घेऊन दोन दिवस काढले.

रंकाळ्यावरून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. बालिंग्याचा पूल गेला, कळे मागं पडलं आणि वायपर थांबायचं नाव घेईना. पुढं ऊस कमी होत जातो, भाताची खाचरं वाढतात. चिखलात रोप लावण चालली होती. साळवणला चहा घेताना मी म्हटलं, काय पाऊस आहे हो! टपरीवरचे तात्या म्हणाले, "पावनं, ह्यो तर तरणा हाय. म्हातारा लागू द्या, मग बघा." पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, तो २० जुलैच्या सुमाराला लागतो आणि दिवसचे दिवस उघडीप देत नाही.

बावड्यात गगनगड दिसलाच नाही. समुद्रावरून आलेले ढग करूळ आणि भुईबावडा घाटांच्या कड्यांना थडकून वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात. तो पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. रेनकोटाबरोबर त्याची पँटही घ्या आणि कपड्यांचा एक जोड गाडीत कोरडा ठेवा. तिथं काही वाळत नाही. धुक्यात दरीच्या काठाशी जाऊ नका. दिवस असतानाच परत फिरा.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याच्या पुढं चक्क ऊन होतं. जयसिंगपुरात रस्ते कोरडे. नृसिंहवाडीला मात्र पाणी मंदिरात शिरलेलं आणि चढतच होतं. कृष्णेनं महाबळेश्वराकडचं आणलेलं, पंचगंगेनं आमच्या बावड्याकडचं. अशा वेळी दत्ताच्या पादुका पाण्याखाली असतात. उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, दर्शन तिथंच घ्यायचं.

म्हणून निघताना आपल्या डोक्यावरचं आभाळ बघू नका, पश्चिमेचा पाऊस बघा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ साली ती ५५ फुटांच्या वर गेली होती. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कानावर आलं, तर पंचगंगेला मिळणारी भोगावती फुगणार हे धरून चाला. बावड्याच्या वाटेवर मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर येतं; ते आलं असेल तर गाडी घालू नका, मागं फिरा. घाट सुरू आहे का, हेही आधी विचारून घ्या.

वाडीच्या वरच्या पायरीवर आईनं वाकून ओंजळ भरली. गढूळ, तांबडं पाणी होतं, बावड्याच्या मातीच्या रंगाचं.