अहवालातील ‘अज्ञात’ प्राणी

एका रात्रीत माझ्या सात मेंढ्या मारल्या गेल्या, त्यांपैकी दोघींचेच थोडे मांस खाल्लेले होते, आणि भरपाईसाठीच्या सरकारी पाहणी अहवालात हल्ला करणाऱ्या प्राण्याच्या रकान्यात ‘अज्ञात’ एवढा एकच शब्द लिहिला गेला. तो शब्द जाऊन तिथे खऱ्या प्राण्याचे नाव यावे यासाठी मी पाच महिने झटलो. अशी वेळ दुसऱ्या कोणावर आली तर त्याचा पहिला दिवस तरी वाया जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घटना कळवणे, अर्ज भरणे, कळपाची नोंद दाखवणे हे सारे पहिल्या सकाळीच उरकले. अडले ते पाहणीपाशी. ‘मृत जनावरे हलवू नका, माणूस येईल’ असे मला सांगण्यात आले आणि मी ते अक्षरशः पाळले. माणूस आला तिसऱ्या दिवशी दुपारी. तोवर कावळ्यांनी डोळे काढले होते, कोल्ह्याकुत्र्यांनी पोटे फाडली होती, आणि ज्या ओल्या मातीत पहाटे मला ठसे दिसले होते ती बघ्यांच्या पायांनी तुडवली गेली होती. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी चार छायाचित्रे काढली, मानेवरची छिद्रे लांबूनच पाहिली आणि ‘आता यावरून काही सांगता येत नाही’ असे म्हणून तो रकाना भरला. त्या क्षणी त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सांगता आले असते ते दोन दिवसांपूर्वी, आणि ते दोन दिवस माझ्यामुळे गेलेले नव्हते.

भरपाईसाठी हल्ला वन्यप्राण्याचा असल्याचे निश्चित व्हावे लागते. ‘अज्ञात’ लिहिले की प्रकरण मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही. कार्यालयात मला पशुवैद्यकाचा दाखला आणायला सांगितले. पशुवैद्यक म्हणाले, मी शव पाहिलेच नाही, तर दाखला कशाच्या आधारे देऊ? मग प्रकरण वरच्या कार्यालयात गेले आणि ‘प्राणी निश्चित करून फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन खाली परतले. पुरून दोन महिने झालेल्या मेंढ्यांवरून प्राणी कसा निश्चित करायचा, हे मी प्रत्येक टेबलावर विचारले आणि प्रत्येक टेबलावर त्याच रकान्यावर बोट ठेवून मला परत पाठवण्यात आले. अर्ज फेटाळला असता तर निदान अपील करता आले असते. अकरा फेऱ्यांनंतरही माझ्या हाती फेटाळल्याचा कागद नव्हता, आणि त्याचा संताप अजून गेलेला नाही. घटना फोनवर कळवली तरी त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्यावर वेळेसह पोच घ्यावी, हे मला फार उशिरा सुचले; पाहणीला उशीर झाल्याचा कोणताही पुरावा माझ्यापाशी नव्हता.

याहून वाईट गोष्ट बाहेर घडत होती. सरकारी कागदच ‘अज्ञात’ म्हणतो हे कळल्यावर लोकांनी त्या शब्दात आपापली भीती भरली, आणि रक्त पिणारे कोणते तरी जनावर हिंडत असल्याची बोलवा उठली. १९९५ मध्ये पोर्तो रिकोत ‘चुपाकाब्रा’ या कल्पित प्राण्याची आवई उठली, तिच्यामागेही मेलेल्या जनावरांच्या अंगावरची छिद्रे आणि न दिसणारे रक्त हीच कारणे होती. वास्तविक हृदय थांबले की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरते आणि गोठते, त्यामुळे मेल्यानंतर झालेल्या जखमेतून ते फारसे वाहत नाही. मारून न खाणे हेही गूढ नाही. कोंडलेला कळप सैरावैरा धावू लागला की शिकारी प्राणी गरजेपेक्षा जास्त जनावरे मारतात, आणि प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्येच त्यावर सविस्तर लिहिले आहे. पण हे ऐकायला कोणी तयार नव्हते. कोणीतरी मांसात विष घालून ठेवले आणि त्यात दोन कोल्हे आणि राखणीचा एक कुत्रा तडफडून मेला.

चौथ्या महिन्यात पुन्हा तीन मेंढ्या मेल्या आणि दोन जखमी झाल्या. या वेळी मी कोणाची वाट पाहिली नाही. शवांवर ताडपत्री घालून कडेने दगड ठेवले, ठशांवर टोपल्या पालथ्या घातल्या, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली आणि पशुवैद्यकांना स्वतः जाऊन घेऊन आलो. कातडे सोलून पाहण्याचा आग्रह जरूर धरावा. जिवंतपणी झालेल्या चाव्याखाली मांसात रक्त साकळलेले असते, तर मेल्यानंतर कुरतडलेल्या जागी ते नसते, आणि हा फरक लोकरीवरून कळत नाही. मोठ्या मांजरकुळातील प्राणी सहसा गळा किंवा मान पकडून मारतो. इथे मागच्या मांड्या, कुशी, कान, तोंड असे सर्वत्र विस्कळीत चावे होते आणि त्या प्रत्येकाखाली रक्त साकळलेले होते. ठशांमध्ये नखे स्पष्ट उमटली होती, मांजरकुळातील प्राण्याच्या ठशात ती बहुधा नसतात.

लाळेचा नमुनाही अशाच साकळलेल्या जखमेवरून घ्यावा, हातमोजे घालूनच घ्यावा, आणि वाळवून कागदी पाकिटात ठेवावा, कारण प्लास्टिकमध्ये ओल राहून तो खराब होतो. उशीर झाला की मारणाऱ्याऐवजी नंतर खायला आलेल्याची लाळ हाती लागण्याचा धोका असतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर येथे हरणांची शवे सापडल्यावर मोठ्या मांजराचा संशय घेतला गेला होता, पण डीएनए तपासणीत कोल्हाच निघाला.

माझ्या नमुन्यात कुत्रा निघाला. पशुवैद्यकांनी दाखल्यावर ‘कुत्र्यांचा हल्ला’ असे स्पष्ट लिहिले तेव्हा, त्या प्रकरणात भरपाई मिळणार नाही हे ठाऊक असूनही, मला मोकळा श्वास घेता आला. रात्री एकत्र येऊन शिकार करणारी कुत्री दिवसा कोणाच्या तरी दारात शांत पडलेली असू शकतात, हे लोकांना पटायला आणखी काही आठवडे गेले. पण विषाचे मांस टाकणे थांबले. मी वाड्याचे कुंपण उंच केले आणि त्याची जाळी खाली जमिनीत गाडून घेतली.

नव्या दाखल्याची प्रत जोडून मी पहिल्या प्रकरणातही नोंद दुरुस्त करण्याची विनंती केली. उत्तर आले की दोन्ही घटना स्वतंत्र असल्यामुळे पहिल्या अहवालातील ‘अज्ञात’ ही नोंद कायम राहील.