डिस्क ओरिजिनल, बिलासकट

मुंबईत, गिरगावात ठाकूरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत चालत गेलं, तर एकेकाळी दर चार दुकानांआड काचेत व्हीसीडी, म्हणजे पिक्चरच्या सीडी, लावलेल्या दिसायच्या. पानवाल्याकडे, झेरॉक्सवाल्याकडे, एका ठिकाणी तर चपलांच्या शोकेसमध्ये. त्यातलं आज आमचं उरलंय. ‘मिरवण्यासाठी लिहीत नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवण्यासाठीच लिहितोय.

गाळा वडिलांचा. तिथे व्हीएचएसची लायब्ररी होती. केबलवाल्यांनी ती कशी संपवली, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. १९९९ साली मी रॅकवरच्या कॅसेटी उतरवल्या आणि व्हीसीडी लावल्या. मालासाठी लांब जावं लागत नव्हतं. लॅमिंग्टन रोडची नाझ बिल्डिंग चालण्याच्या अंतरावर, वितरकांची ऑफिसं तिथेच एकाला लागून एक. पिशवी घेऊन जायचं, चलन फाडून घ्यायचं, पिशवी भरून यायचं.

आमची सौ. तेव्हा एका सीएच्या ऑफिसात होती. पहिल्याच महिन्यात तिनं बजावलं, “कच्च्या चिठ्ठीवर माल आणलास तर वह्या मी लिहिणार नाही.” त्यामुळे नियम झाला: बिलाशिवाय घ्यायचं नाही, बिलाशिवाय द्यायचं नाही. त्या काळात बिलाचं नाव काढलं की नाझमधले सेल्समनसुद्धा हसायचे. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी फुटपाथवर नकली डिस्कवर मिळत होता. आधी कॅमेरा प्रिंट, म्हणजे थिएटरात चोरून शूट केलेली, मग आठवड्याभरात ‘मास्टर प्रिंट’, मग एका डिस्कमध्ये पाच पिक्चर. आणि आम्ही महिनोन् महिने थांबून, कंपनीचा होलोग्राम लावलेला एकच पिक्चर चौपट भावाला विकत बसलेलो.

ओरिजिनल म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला दाखवायला मी झवेरी बाजारातून सोनारांचं भिंग आणलं. ते अजून गल्ल्यात आहे, काठ झिजलाय. डिस्क उलटी करायची, चमकती बाजू वर. मधल्या भोकाभोवती आरशासारखी पट्टी असते, तिच्यावर मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ (रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेची आद्याक्षरं) आणि पुढे ‘एल’ने सुरू होणारा कोड, म्हणजे मास्टर, जिच्यावरून बाकीच्या डिस्क छापतात ती मूळ प्रत, कुठल्या कारखान्यात बनला त्याची खूण. दुसरा कोड त्याहून आत, पारदर्शक प्लास्टिकमध्ये साच्यातूनच उमटलेला असतो. नकली प्रेसिंगमध्ये हे कोड नसतात, नाहीतर खरवडलेले असतात. घरी बर्न केलेली डिस्क ओळखायला तर भिंगही लागत नाही. छापलेली डिस्क पांढरट चंदेरी दिसते, बर्न केलेली जांभळट किंवा हिरवट. त्या जांभळ्या रंगावरच तुमचा पिक्चर असतो आणि तो रंग उन्हाने विटतो. खिडकीत ठेवू नका.

आता निघालंच आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाईक चमकती बाजू जिवापाड जपतं आणि लेबलची बाजू टेबलावर घासतं. व्हीसीडीचं उलट आहे. तिचा आरसा लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ थर. लेबलवर बॉलपेननं नाव लिहिलंत की संपलं. चमकत्या बाजूचा ओरखडा मशिनवर घासून मी काढून देतो, लेबलकडचा ब्रह्मदेवही काढू शकत नाही. डीव्हीडीला ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, आरसा मध्ये सुरक्षित, म्हणून ती त्या मानाने सोशिक. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसणाऱ्याला मी दुकानात हात लावू देत नाही.

आता शिरस्तेदारांबद्दल. खरं नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. धोबीतलावच्या कोर्टातून निवृत्त झालेले, राहायला चाळीत, आमच्या दुकानापासून तीन इमारती सोडून. पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी एक डिस्क. डिस्काउंट कधी मागितलं नाही, पण माल तपासल्याशिवाय कधी घेतलाही नाही. काउंटरवरच्या प्लेअरमध्ये डिस्क टाकायची, सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं की पॉज करायचं आणि त्यावर लिहिलेली फिल्मची लांबी, मीटरमध्ये, वहीत उतरवायची. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे साधारण २७.४ मीटर. ४,११५ मीटरचा पिक्चर असला तर तो १५० मिनिटं चालायला हवा. डिस्कवर १४४ मिनिटं भरली की शिरस्तेदारांची भुवई वर.

“सहा मिनिटं कुठे गेली रे?”

“काका, कंपनीने कापली असतील.”

“कुठे कापली? मी सलग पाहिला. एकही उडी नाही. मग गेली कुठे?”

दोन आठवडे हा माणूस झोपला नसेल. शेवटी उत्तर त्यांनीच शोधलं. फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते आणि आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५. म्हणजे पाल डिस्कवर अख्खा पिक्चर चार टक्के भरभर पळतो आणि दीडशे मिनिटांचे बरोबर १४४ होतात. शिरस्तेदार हार्मोनियम वाजवायचे. गाण्यांचा सूर जवळजवळ पाऊण पट्टी चढलेला आहे, हे त्यांच्या कानाने आधीच हेरलं होतं, फक्त कारण सापडत नव्हतं. व्हीसीडी कंपन्यांची मात्र त्यात सोय झाली. एका डिस्कवर ७४ मिनिटं बसतात, दोनवर १४८. दीडशे मिनिटांचा पिक्चर तिसऱ्या डिस्कवर गेला असता, तो दोनात मावला.

त्यानंतर वहीत दोन रकाने झाले: ‘पळवलेला’ आणि ‘कापलेला’. कापलेलेही निघायचे. अख्खं कडवं गायब, कधी विनोदी नटाचा एखादा प्रवेशच नाही. असा माल मी वितरकाकडे परत पाठवायचो आणि वही दाखवायचो. एका सेल्समनने एकदा विचारलं, “हे कोण साहेब आहेत, सेन्सॉरचे?” मी हो म्हणालो.

समोरच्या फुटपाथला लागून एक दुकान होतं. नाव लिहीत नाही. मालक आजही दिसतो, नमस्कार करतो, मीही करतो. काचेत दोन ओळी ओरिजिनल, मागे पडद्याआड काय ते सगळ्या गिरगावाला माहीत. आमचं गिऱ्हाईक त्याच्याकडे जायचं, त्याचं सहसा आमच्याकडे यायचं नाही. पण शाळेच्या ग्रंथालयांना, वृद्धाश्रमांना पक्कं बिल लागतं, ती मंडळी आमच्याकडे वळली आणि तिथून त्याचं बिनसलं. “बिलाचे नखरे किती दिवस चालतात बघू,” असं तो चहावाल्याकडे म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

२००६ च्या दिवाळीआधी दुकान गच्च भरलेलं. त्या सीझनला मी आयुष्यात पहिल्यांदा कर्ज काढून माल उचलला होता. डीव्हीडी तेव्हा दोनशे-तीनशेला, व्हीसीडी शंभराच्या वर. संध्याकाळी साध्या कपड्यांतले चौघे आले आणि तक्रार आहे म्हणाले. मी भिंग पुढे केलं, त्यांनी ते बाजूला सारलं. पंचनामा झाला, पंच म्हणून पलीकडचा इस्त्रीवाला आणि एक अनोळखी माणूस. माल खोक्यांत भरला, सुतळीने बांधला, लाखेची मोहर मारली. गर्दीत समोरचा मालक हाताची घडी घालून उभा. आता तक्रार कोणाची, हे कागदावर कधी आलं नाही. मला लागतही नाही.

म्हणणं असं, की बऱ्याच जॅकेटांवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापलेली नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२-ए. व्हिडिओ फिल्मवर प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराचं नाव-पत्ता लागतो, हे खरंच. सौ.ने खरेदीच्या बिलांची फाइल काढली. १९९९ पासूनचं प्रत्येक चलन तारखेवार पंच करून लावलेलं. ती फाइल आणि शिरस्तेदार असे दोघे मला घेऊन वकिलाकडे गेले. शिरस्तेदारांनी कलम मोठ्याने वाचलं आणि बोट एका शब्दावर ठेवलं: ‘प्रकाशित’. बंधन प्रकाशित करणाऱ्यावर आहे, आणि कलम ६८-ए मधली शिक्षाही प्रकाशित करणाऱ्यालाच. “हा विकतो. छापतो ते नाझमध्ये बसलेत, त्यांची बिलं ही इथे आहेत.” वकील तरुण होता, त्याने वहीत लिहून घेतलं.

मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज केला. तारीख पडली. पुन्हा पडली. कधी कागद आला नाही, कधी साहेब रजेवर. दिवाळी गेली, नाताळ गेला. दुकानात रिकाम्या रॅकवर मी हेडफोन आणि बॅटऱ्या लावल्या. वितरकांचे चेक थांबले. सौ.च्या पाटल्या मोडल्या, त्याबद्दल तिने एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त जड गेलं. शिरस्तेदार पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी येतच राहिले. डिस्क नव्हती म्हणून बॅटऱ्या घेऊन गेले. घरात बॅटरीवर चालणारं त्यांच्याकडे काय होतं, मला माहीत नाही.

२००७ मध्ये माल सुटला. खोकी तशीच, मोहरेसकट. एकही नग नकली निघाला नाही. आणि त्याच वर्षी कोऱ्या सीडी बनवणारी एक मोठी कंपनी पिक्चरांच्या धंद्यात उतरली: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४. मी खोकी फोडत होतो आणि समोरच्या पानवाल्याने २८ रुपयांच्या व्हीसीडीची माळ गुटख्याच्या पुड्यांसारखी लटकवली होती. माझा माल खरेदीलाच त्याच्या तिप्पट भावाचा. आदल्या दिवाळीत विकला असता तर भाव मिळाला असता. आता वितरक रिटर्न घेईना, क्रेडिट नोट द्यायला तयार नाही. “मार्केट पडलं, आम्ही काय करणार?” म्हणाला. मार्केट पडलं नव्हतं, साहेब. माझा माल लाखेत बंद होता.

गंमत म्हणजे त्या २८ रुपयांनी समोरच्याचं दुकान आमच्याआधी संपवलं. ओरिजिनल २८ ला मिळत असताना पडद्याआडचा माल पन्नासला कोण घेणार? तो मोबाइल कव्हरांत गेला. आणि गिरगावातली माझ्या वयाची माणसं आज जमली की म्हणतात, “काय दुकान होतं ते, काहीही मिळायचं.” त्याच्याबद्दल. माझ्यासमोर.

तो माल आम्ही विकला, तोट्यातच, पण विकला. नाटकांच्या आणि मालिकांच्या सेटनी हात दिला. त्यांना २८ रुपयांचा पर्याय नव्हता. महाभारताचे ९४ भाग, रामायणाचे ७८. असा सेट घेणारा भाव करत नाही, तो गावी आईला पाठवायचा असतो.

मग दुकान चाललं. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर काळा घोड्याचं रिदम हाउस हे म्युझिकचं जुनं दुकान बंद झालं, तिथली काही मंडळी चौकशी करत आमच्याकडे आली आणि टिकली. २०२० च्या मार्चअखेर, लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं, तेव्हा बंद शटरवरच्या नंबरवर सेटसाठी फोन येत होते. शिरस्तेदार त्याआधीच गेले. वही त्यांच्या सुनेने आणून दिली. जुना माल विकत घेताना मी अजून ती उघडतो. कुठली प्रत पळवलेली, कुठली कापलेली, सगळं आहे.

आता येणारी गिऱ्हाइकं तरुण आहेत. पिक्चर मोबाइलवर काल होता, आज नाही, म्हणून चिडलेली. त्यांना चार गोष्टी सांगतो, विचारल्या नसल्या तरी. परदेशातून सेट मागवताना आधी रीजन बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड. आपली डीव्हीडी रीजन ५, ब्लू-रे सी. अमेरिकेची १ आणि ए, इंग्लंडची २ आणि बी. तिथला स्वस्त सेट घरच्या प्लेअरवर चालला नाही तर तो शोभेचा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. फोरके ब्लू-रेला रीजन नसतो, तो बिनधास्त घ्या, पण प्लेअर फोरकेचाच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरवर तो लागत नाही. पावसाळ्यात डबे उभे ठेवा, आडवे रचू नका, आणि आतला कागद दमट लागला तर बाहेर काढून वाळवा. बुरशी तिथून सुरू होते.

जुना मालिकेचा सेट घेताना डबा उघडून डिस्क मोजा. झाकणावर सोळा लिहिलंय म्हणून आत सोळा असतीलच असं नाही, आणि कधी तिसऱ्या नंबरच्या दोन असतात, चौथी नसते. प्लेअर काउंटरवर आहे, भिंग गल्ल्यात आहे, मागा. सगळं दुकानात तपासून घ्या. घरी गेल्यावर फोन केलात तर मी बदलून देणार नाही, आणि बिल आणलं नसेल तर फोनही करू नका.