मिनस्क्यूल

आज एका संस्थेच्या इंग्रजी अहवालाची प्रूफं वाचत होतो. मिळालेलं अनुदान 'मिनिस्क्यूल' (miniscule), म्हणजे अगदी इवलंसं होतं म्हणे! आकडा बघता विशेषण अगदी चपखल, फक्त खऱ्या स्पेलिंगमधल्या (minuscule) 'यू'च्या जागी 'आय' बसला होता. ही चूक जगभर होते. 'मिनी' म्हणजे छोटं हे डोक्यात इतकं पक्कं असतं की हात आपोआप तिकडे वळतो. पण हा शब्द मिनीच्या नाही, 'मिनस'च्या घरातला. लॅटिनमध्ये मिनस म्हणजे कमी, आणि मिनुस्कुलस म्हणजे जरासं लहान. वजाबाकी आठवली की स्पेलिंग आपसूक जमतं.

गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द आधी आला तो अक्षरांसाठी. 'अगदी इवलंसं' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. जुन्या हस्तलिखितांतली लहान अक्षरं म्हणजे मिनस्क्यूल. त्यातलं सगळ्यात गाजलेलं वळण 8व्या शतकाच्या अखेरीचं, पश्चिम युरोपातल्या सम्राट शार्लमेनच्या राज्यातलं. गोलसर, सुटसुटीत, शब्दाशब्दांत जागा सोडलेलं. 15व्या शतकात इटलीतल्या विद्वानांनी तेच उचललं, तिथून ते छापखान्यात गेलं. मोबाइलवर आपण टाइप करतो ती एबीसीडीची लहान अक्षरं त्याच वंशातली.

आणि खुद्द शार्लमेन महाराज? त्यांचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, ते उशीखाली पाट्या ठेवायचे, सवड मिळाली की अक्षरं गिरवायचे. पण सुरुवातच उतारवयात केलेली, हात काही वळला नाही.